ओट्यावरचे लिंबाचे डाग

सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊ वाजता आमच्या दगडाच्या कारखान्यात दोनशे माणसं जमली होती आणि एकही मशीन चालू नव्हतं. लोक लाद्यांच्या थप्प्यांवर चढून बसले होते. काही जण क्रेनच्या शिडीवर लटकले होते. ज्यांना कुठेच जागा मिळाली नाही ते पुढच्याच्या खांद्यावर हनुवटी टेकून उभे होते. मधोमध, ज्या लोखंडी टेबलावर मी एरवी लादी आडवी टाकून घासतो, त्यावर एक जाडजूड माणूस मांडी घालून बसला होता. पुढ्यात स्टीलचं भांडं आणि एक कापडी पिशवी.

"माणूस खोटं बोलतो," तो म्हणाला. "नवरा बायकोशी बोलतो, सून सासूशी बोलते, साक्षीदार तर शपथ घेऊन बोलतो. दगड बोलत नाही. कोट्यवधी वर्षं जमिनीच्या पोटात गप्प बसलाय. तुमच्यातल्या कोणी पाच मिनिटं बसून दाखवा."

लोक हसले. मीही हसलो. चार महिन्यांत पहिल्यांदा.

त्याला दगडबाबा म्हणत. सुरुवातीला त्याने दोन हमालांना पुढे बोलावलं. आदल्या दिवशी एकाचा मोबाइल हरवला होता आणि त्याचा दुसऱ्यावर संशय होता. बाबाने दोघांच्या तळहातावर पिशवीतला एकेक पांढरा खडा ठेवला आणि भांड्यातलं पाणी चमच्याने वर सोडलं. पहिल्याचा खडा नुसता भिजला. दुसऱ्याचा खडा उकळायला लागला. विस्तव नाही, काही नाही, आणि खड्यावर पांढरा फेस चढतोय, फसफसतोय, बोटांच्या फटीतून खाली गळतोय. गर्दी एकदम मागे सरकली.

"मोबाइल घेतलास?" बाबाने विचारलं.

हमालाने हात झटकून खडा खाली टाकला. "घेतला असेन," तो म्हणाला.

आम्ही काही अगदीच दूधखुळे नव्हतो. दगडाची माणसं आम्ही. फरशीवरचं सिमेंट खरवडायचं ॲसिड आमच्या घराघरात असतं. त्याची बाटली उघडली की धूर निघतो, डोळे वाहतात, नाकात तिखट जाऊन बसतं. ते संगमरवरावर सांडलं तर फेस येतो आणि पॉलिश जातं, हे आमच्याकडे नवा माणूस पहिल्या दिवशी शिकतो. म्हणून भांडं आम्ही मागून घेतलं आणि हुंगलं. फरशी धुणाऱ्या म्हाताऱ्याने हुंगलं, चार कटरवाल्यांनी हुंगलं, मी हुंगलं. अठ्ठावीस वर्षं दगडाच्या कामात मुरलेलं माझं नाक. धूर नाही, वास नाही.

"पाणीच आहे," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो.

बाबाने ते पाणी स्वतःच्या गालाला लावलं. "ॲसिड असतं तर मी अजून इतका देखणा राहिलो असतो का?" लोक पुन्हा हसले, आणि मग शांत झाले, कारण ते ज्यासाठी आले होते ते आता व्हायचं होतं.

ते काय, ते सांगतो. दोन वर्षांत आमच्याकडची सात माणसं मेली होती. सगळ्यांचं सारखंच. आधी कोरडा खोकला, मग जिना चढताना दम, मग हाडांचा सापळा. सातवी माझी बायको. मी तिला कधी नावाने हाक मारली नाही, 'अगं' म्हणायचो, आणि दुसऱ्यांशी बोलताना 'ही'. ही अकरा वर्षं ग्रॅनाइट कापायच्या शेडमध्ये झाडू मारत होती. तिथे ग्रॅनाइट कोरडाच कापतात. दिवसभर पिठासारखी धूळ उडते. गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंनी हिचा फोटो काढून दाखवला होता. छातीत पांढरे ठिपके. त्या म्हणाल्या, "दगडाची धूळ आहे ही. बाहेर निघत नाही. पाणी सोडून कापायला सांगा, निदान बाकीचे वाचतील." मुकादमाला सांगितलं तर तो म्हणाला, पाणी सोडलं की चिखल होतो आणि काम अर्ध्यावर येतं.

नंतर तोच मुकादम म्हणायला लागला की एका पाठोपाठ सात माणसं धुळीने मरत नसतात. कोणीतरी खातंय. त्यानेच बाबाला आणलं.

मला ते बरं वाटलं. खोटं कशाला बोलू. धुळीवर राग काढता येत नाही. धुळीला धरून आपटता येत नाही.

सात घरांतल्या बारा बायका रांगेत उभ्या केल्या. शेवटची माझी मेहुणी, हिची धाकटी बहीण. कारखान्याच्या नमुन्यांच्या काउंटरवर काम करायची. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. ही अंथरुणाला खिळल्यावर ती आमच्याकडे राहायला आली आणि आठ महिने तिने बहिणीला स्वतःच्या हाताने भरवलं. संध्याकाळी घरोघर जाऊन कोणाला खोकला आहे त्याची यादी करायची. डॉक्टरीणबाई ती यादी सरकारी हपिसात पाठवणार होत्या. मुकादमाने तिला दोनदा बजावलं होतं, यादी फाड. दोन्ही वेळा ती म्हणाली होती, आधी खोकला थांबव.

बाबाने पिशवीत हात घालून एकेकीच्या हातावर खडा ठेवला. अकरा खडे गप्प राहिले. बायका सुटकेने रडत होत्या. बाराव्या हातावर पाणी पडलं आणि खडा असा उफाळला की फेस मनगटापर्यंत आला.

तिने दात आवळले. नमुन्यांच्या लाद्यांच्या धारेने तिचे हात नेहमी कापलेले असायचे.

"जळतंय का?" बाबाने हळूच विचारलं.

"झोंबतंय."

"पाप झोंबतंय," बाबा गर्दीकडे वळून म्हणाला. "कोणाला भरवलंस?"

पहिला हात माझा होता. हे मी लपवणार नाही. उघड्या हाताने मारलं, पण हात पॉलिशवाल्याचा. ती टेबलाच्या कडेवर आपटली आणि तिचा ओठ फाटला. मग मला दिसेनासं झालं इतके लोक तिच्यावर पडले. मेलेल्या सात जणांतल्या एका कटरवाल्याच्या भावाने लादीखाली घालायची लाकडी पाचर उचलून तिच्या पाठीत हाणली. एकीने तिच्या केसांची गुंडाळी हाताला बांधली आणि ओढलं. कोणीतरी लाथ घातली ती बरगडीत बसली. तो आवाज मला वेगळा ऐकू आला. लादीला चीर जाताना येतो तसा. ती ओरडत नव्हती. माझ्याकडे बघून एकच म्हणत होती, "दाजी, दगड बघा. दगड बघा, दाजी."

मला वाटलं, ती शाप देतेय. मी पुन्हा मारलं.

मुकादमाने सगळ्यांना मागे ढकललं. दया आली म्हणून नाही. बाबाला अजून बोलायचं होतं.

"ज्या हाताने घास भरवला तो हात दगडाला द्यावा लागेल," बाबा म्हणाला. "तेव्हा उरलेली माणसं वाचतील. चार वाजता."

दगडाला द्यायचा म्हणजे काय ते मुकादमाने समजावून सांगितलं. तिचा उजवा हात टेबलावर बांधायचा आणि चेन ब्लॉकला, म्हणजे साखळीच्या कप्पीला, टांगलेली ग्रॅनाइटची लादी त्याच्यावर उतरवायची. तिला नमुन्यांच्या खोलीत टाकून बाहेरून कडी घातली. तो उकळलेला खडा मुकादमाने माझ्या खिशात टाकला. "पुरावा आहे. तुझ्या घरचं मरण, तुझ्याकडे राहू दे. आणि घरी जाऊन बायकोची एखादी वस्तू आण, रोजच्या हाताळणीतली."

मी घरी गेलो. माझी बोटं सुजली होती.

स्वयंपाकघरात उभं राहून मी शोधत होतो की ही रोज काय हाताळायची. लाटणं, चिमटा, चहाचं भांडं, सगळंच. मग माझा हात ओट्यावर पडला. हा ओटा मी स्वतः बसवला होता, लग्नानंतर दुसऱ्या वर्षी, कारखान्यातल्या उरलेल्या दोन पांढऱ्या तुकड्यांचा. दोन्ही संगमरवर म्हणूनच विकले जात. जोड असा बसवला होता की नख अडकत नाही. महिन्याभरात डाव्या अर्ध्यावर पुसट गोल डाग पडायला लागले. बायको लिंबं तिथे चिरायची. उजव्या अर्ध्यावर चिरली तर काही व्हायचं नाही.

त्यावरून तिने मला किती वर्षं ऐकवलं. "तुमच्या पांढऱ्यात दोन जाती आहेत. डावी लिंबाला भिते, उजवी भीत नाही. एवढी वर्षं दगड घासताय, कधी विचारलंत का त्याला?" मी म्हणायचो, "अगं, दगड तो दगड." ती बहिणीलाही सांगायची, आणि मेहुणी काउंटरवर गिऱ्हाइकांना सांगायची, ओट्याला हा नको, तो घ्या. डाग पडतात.

दाजी, दगड बघा.

मी खिशातला खडा काढला. टोपलीत एक सुकत आलेलं लिंबू होतं. ते कापलं, खडा ओट्यावर ठेवला आणि पिळलं. कान खाली नेला. बारीक चुरचुर ऐकू येत होती, आणि खड्यावर मोहरीपेक्षा बारीक बुडबुडे चढत होते. लिंबाला कुठे धूर असतो? बुडबुडे यायला धूर लागतच नव्हता. माझ्या नाकाने मला फसवलं होतं, आणि त्या नाकाच्या भरवशावर मी दोनशे माणसांना सांगितलं होतं की पाणीच आहे.

दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे. मी सगळं सांगितलं, माझ्या हाताचंही. डॉक्टरीणबाईंनी मला बसा म्हटलं नाही. आधी पोलिसांना फोन लावला. "गाडी निघतेय म्हणतात," त्या म्हणाल्या. "म्हणजे अजून निघालेली नाही." मग त्यांनी कपाटातून एक डबा काढला. आत साखरेसारखी पांढरी पूड.

"माझ्या उकळायच्या भांड्यात पाण्याचा पांढरा थर बसतो. तो मी ह्याने काढते. बॉयलर साफ करणारेही हेच वापरतात. पाण्यात विरघळलं की वास नाही, धूर नाही. पण आहे ॲसिडच." चमचाभर पूड त्यांनी पाण्यात ढवळली आणि माझ्या खड्यावर ओतली. खडा सकाळसारखाच उफाळला.

"सोड्याची बाटली उघडल्यावर जो वायू निघतो तोच हा," त्या म्हणाल्या. "संगमरवर, चुनखडी, शिंपले, सगळ्यांच्या आत तो बांधलेला असतो. ॲसिड ती गाठ सोडतं, वायू निसटतो, त्याचा फेस दिसतो. कोणाच्या हातात आहे ह्याच्याशी त्याचं देणंघेणं नाही. पण मला हे सांगा, बाकीचे अकरा का गप्प बसले?"

"दुसरी जात," मी म्हणालो. "माझ्या ओट्याचा उजवा अर्धा. तुमच्या दवाखान्याची पायरीही त्याच दगडाची आहे, मीच बसवलीय."

आम्ही बाहेर येऊन पायरीवर तेच पाणी ओतलं. काही झालं नाही. पायरी नुसती ओली झाली. मी खाली बसलो होतो. लादीवर आखणी करायचा पोलादी खिळा माझ्या खिशात कायम असतो. दगड समोर आला की हात आपोआप खिळ्याकडे जातो. मी पायरीवर पाच-सहा रेघा ओढल्या. पांढरी भुकटी निघाली. भुकटीवरून पाण्याचा ओघळ गेला आणि ती फसफसली.

डॉक्टरीणबाई वाकल्या. "पुन्हा करा."

मी पुन्हा केलं. पुन्हा फसफसली.

"ह्याच्यातही तोच वायू आहे," त्या म्हणाल्या. "पण चुन्याबरोबर दुसरा धातू मिसळलाय, त्यामुळे गाठ घट्ट. अख्ख्या दगडावर थंड ॲसिडचा जोर चालत नाही. भुकटी केली की चालतो. साखरेचा खडा आणि पिठीसाखर, आधी काय विरघळतं?"

भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन झाले होते. आम्ही पळालो. त्यांच्या हातात त्या ॲसिडच्या पाण्याची बाटली होती. माझ्या हातात काहीच नव्हतं, खिळा खिशात होता.

आम्ही पोहोचलो तेव्हा तिचा हात टेबलाला बांधलेला होता. सुतळीने, मनगटाला आणि कोपराला. तिचा एक डोळा पूर्ण मिटला होता. वर लादी टांगलेली, हात-सव्वा हाताच्या उंचीवर, आणि मुकादम साखळी ओढत होता. चेन ब्लॉकची साखळी ओढली की लादी बोटभर बोटभर उतरते. प्रत्येक ओढीला कटकट असा आवाज येतो. तो आवाज मी आयुष्यभर ऐकला. कधी भीती वाटली नव्हती.

"वस्तू आणलीस?" बाबाने विचारलं.

"आणलीय," मी म्हणालो. "आधी एक विचारायचंय दगडाला."

"दगडाला एकदाच विचारतात."

"माझ्या घरचं मरण आहे. मी दोनदा विचारीन."

मुकादमाने साखळी सोडली नाही. मी जाऊन ती दोन्ही हातांनी धरली. त्याने टेबलाखालची लाकडी हातोडी उचलली आणि माझ्या बोटांवर मारली. एकदा. दुसऱ्यांदा मारली तेव्हा दोन बोटं मोडली. मी साखळीला लोंबकळलो, सोडली नाही. कोणीतरी मागून माझ्या मानेत गुद्दा मारला. लादी झोके खायला लागली आणि तिच्याखाली मेहुणीचा हात.

"अरे, त्याला बोलू द्या," पुढच्या रांगेतून आवाज आला. मेलेल्या कटरवाल्याची आई. सकाळच्या बारा जणींतली पहिली. "त्याची बायको मेलीय, माझा मुलगा मेलाय. मुकादमाचं कोण मेलंय?"

तिसरा घाव आला नाही. हातोडी धरलेला हात मुकादमाने खाली घेतला, कारण म्हातारी चालत पुढे आली होती आणि तिच्या सुनेसकट चार बायका तिच्या मागे होत्या.

"मावशी," मी म्हणालो, "तुमचा सकाळचा खडा आहे का?"

तिने तो पदराच्या टोकाला बांधून ठेवला होता. गप्प राहिलेला खडा घरात ठेवला की घर वाचतं, असं बाबाने सांगितलं होतं. तिने गाठ सोडली. मी खडा टेबलावर ठेवला आणि साबूत हाताने खिळ्याने खरवडला. जोर लावून, दहा-बारा वेळा. वर चिमूटभर भुकटी साचली. मग बाबाच्याच भांड्यात चमचा बुडवला.

"हात लावू नकोस," बाबा ओरडला. दिवसभरात तो पहिल्यांदा ओरडला.

मी पाणी सोडलं. म्हातारीचा खडा उकळला.

म्हातारीचा चेहरा पांढराफटक पडला. मी तिला म्हणालो, "घाबरू नका, मावशी. तुम्ही काही केलेलं नाही. पण ह्या हिशोबाने आता तुमचाही हात बांधायला पाहिजे." मग तिच्या सुनेचा खडा घेतला. खरवडला. उकळला. तिसरीचा उकळला. चौथीने स्वतःच खिळा माझ्या हातातून घेतला आणि खरवडला. तिचाही उकळला.

"अकराच्या अकरा जणींना धरा," मी गर्दीला म्हणालो. "धरा ना. सकाळी एकीला धरायला तर रांग लागली होती."

डॉक्टरीणबाईंनी आपली बाटली टेबलावर ठेवली. त्यांनी सांगितलं की बाबाच्या भांड्यात काय आहे आणि त्यांच्या बाटलीत काय आहे, आणि दोन्ही एकच कसं आहे. फरशी धुणाऱ्या म्हाताऱ्याने बाटली हुंगली, मग भांडं हुंगलं, आणि मान खाली घातली. मेलेल्या कटरवाल्याच्या भावाने बाबाची पिशवी हिसकावून टेबलावर उलटी केली. आत मधोमध शिवण घालून दोन कप्पे केले होते. एका कप्प्यातले खडे दुधासारखे पांढरे. दुसऱ्यातले किंचित पिवळट, पण भिजल्यावर ओळखू येऊ नयेत इतकेच. तळाशी त्या पुडीची दोन पाकिटं, बॉयलरचं चित्र छापलेली. हा बाबा पूर्वी एका मोठ्या लाँड्रीत बॉयलर साफ करायचा, हे नंतर पोलिसांनी काढलं. कोणाच्या हातावर कुठल्या कप्प्यातला खडा ठेवायचा, ते त्याला मुकादमाने सांगितलेलं होतं.

हमालाचा मोबाइलही सापडला तेव्हाच. तो आवारातल्या ट्रकच्या सीटमागे होता. कोणीतरी त्याच गडबडीत फोन लावला आणि सीट वाजली. "मग मी घेतला असेन असं का म्हणालो?" चोर ठरलेला हमाल सगळ्यांना विचारत होता. "मी असं का म्हणालो?"

गोष्ट इथे संपायला हवी होती. ती संपली नाही, कारण गर्दीचे हात अजून गरम होते. कटरवाल्याच्या भावाने तीच पाचर उचलली आणि बाबाच्या तोंडावर मारली. त्याचा एक दात टेबलावर पडला, खड्यांमध्ये. मग सकाळसारखंच झालं. तेच लोक, तीच लाथ, तसाच बरगडीचा आवाज. दोघांनी बाबाचा हात धरून टेबलावर दाबला, लादीच्या बरोबर खाली, आणि एकाने साखळी धरली. मुकादम शेडच्या मागच्या दाराने पळाला होता. बाबा लहान मुलासारखा रडत होता. माझ्या मनात आलं, उतरू दे.

डॉक्टरीणबाईंनी तोवर मेहुणीची सुतळी कापून तिला बाजूला बसवलं होतं. ती उठून उभी राहिली. एका हाताने टेबल धरून ती साखळीपर्यंत गेली आणि साखळीवर हात ठेवला. त्या हाताला सुतळीचे लाल वळ होते.

"सोडा त्याला," ती म्हणाली. ओठ फाटल्यामुळे तिला नीट बोलता येत नव्हतं, म्हणून सगळे गप्प झाले. "दगड माझ्या हातावर त्याने ठेवला. पण थप्पड त्याने मारली नाही."

ती माझ्याकडे बघत नव्हती. बघायची गरज नव्हती. साखळी धरलेल्या माणसाने ती सोडली. मग एकेक जण मागे सरकला. पोलीस आले तेव्हा आवारात फार थोडी माणसं उरली होती आणि बाबाला उठवून न्यायला डॉक्टरीणबाईंना मदत करावी लागली.

तिच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या. डाव्या कानाने तिला आता कमी ऐकू येतं. तो माझ्या हाताचा कान. ती आमच्या घरी परत आली नाही. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात नाव नोंदवायचं काम करते. यादी तिने पुरी केली, एकेचाळीस माणसांची, आणि हपिसातून माणसं येऊन शेड बघून गेली. आता ग्रॅनाइट पाणी सोडून कापतात. चिखल होतो. काम अर्ध्यावर वगैरे काही आलं नाही.

मुकादम आणि बाबा दोघांवर खटला चालू आहे. मारणाऱ्यांवरही आहे, त्यात माझं नाव पहिलं आहे. ते मीच लिहून दिलं. मी तिला भेटायला गेलो तेव्हा ती मला दाजी म्हणाली नाही. "बसा," म्हणाली. मी बसलो नाही. माफी मागितली. ती म्हणाली, "ताईने तुम्हाला किती वर्षं सांगितलं." बास, एवढंच.

हे मी का लिहितोय? लोक मला विचारतात, ॲसिड कसं ओळखायचं, खडा कसा ओळखायचा. मी त्यांना खिळा दाखवतो, लिंबू दाखवतो. पण पुढचा बाबा दगड आणणार नाही. दिवा आणेल, दोरा आणेल, राख आणेल, आणि तेव्हा माझा खिळा काही कामाचा नाही. एवढं करा की कोणी बोट दाखवून 'हिने केलं' म्हणालं तर हात उचलण्याआधी तीच गोष्ट स्वतःवर करून बघा, त्या बोट दाखवणाऱ्यावर करून बघा, आणि पुन्हा करून बघा. खरं असेल ते पुन्हा केल्याने बिघडत नाही. आणि जी मार खात असताना तुम्हाला काही सांगतेय, तिचं ऐका. मी ऐकलं नाही.

मागच्या महिन्यात एक ओळखीचा पॉलिशवाला घरी आला होता. ओट्याचा डावा अर्धा बघून म्हणाला, "अरे, हे लिंबाचे डाग काढून टाक की. तासाभराचं तर काम आहे."

मी त्याला चहा केला. डाग तसेच ठेवले आहेत.